म्हाताऱ्यांची रांग

पथकाने बाबांना मागच्या रांगेत टाकलं आणि त्या दिवसापासून त्यांनी ढोलाला हात लावला नाही. आमच्या डोंबिवलीच्या ढोलपथकात वीस-बावीस वर्षं पहिल्या रांगेत वाजवलेला माणूस. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून थेट सरावाला जायचे, जेवणाचा डबा मैदानाच्या भिंतीवर ठेवायचे. आता ढोल कपाटावर आणि बाबा सोफ्यावर, बंद टीव्हीकडे बघत. गणपती तीन आठवड्यांवर आलेले. मला त्यांचं ते गप्प बसणं बघवत नव्हतं, आणि समजूत घालायला गेलं की अंगावर यायचे.

त्या रविवारी सकाळी मी माझ्या लढाईत होते. लॅपटॉपवरच्या गेममध्ये मी रोमन सेनापती, समोर कार्थेजची फौज. एकच लढाई चार वेळा हरले होते, त्यामुळे डोकं आधीच फिरलेलं. बाबा चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हे मागे गुडघ्यावर बसलेत ते कोण?"

"त्रिआरी. सगळ्यात जुने सैनिक. पुढे कोवळी पोरं, मध्ये मधल्या वयाचे आणि मागे हे."

"म्हणजे इथेपण तेच!" त्यांनी कप टेबलावर आपटला. "पुढे घे त्यांना. मान त्यांचा आहे."

हे चूक आहे हे मला माहीत होतं. पण इतक्या दिवसांनी ते काहीतरी मागत होते, म्हणून घेतले पुढे. मोजकेच म्हातारे ते, दोन्ही बाजूंनी घेरले गेले आणि संपले. ते पडताना बघून मागच्या पोरांनी धूम ठोकली. पाचवा पराभव.

"पोरं का पळाली?" बाबांनी विचारलं.

"त्यांच्या मागे कोणी उरलंच नाही ना, बाबा."

ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "परत लाव."

या वेळी सैन्य रोमन पद्धतीने उभं केलं. तीन रांगा, प्रत्येक रांगेतल्या तुकड्यांमध्ये फटी, आणि पुढच्या फटीच्या बरोबर मागे मागची तुकडी. लढाई जुंपली. पोरं दमल्याची खूण दिसली तशी मी त्यांना मागे बोलवायला माऊस फिरवला. आधीच्या चारही वेळा माझी इथेच वाट लागली होती. पोरांनी पाठ फिरवली की शत्रू त्यांच्या पाठीत घुसायचा.

"थांब, थांब! हे थांबवतात कसं?"

मी स्पेसबार दाबला. सगळे जागच्या जागी थांबले.

"अगं, पथकात ज्याचे हात भरून आलेत त्याला आधी बाहेर काढतो का आपण? नवा आधी आत शिरतो, ठेका धरतो, मग जुना निघतो. ठेका तुटता कामा नये!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लहानपणापासून दर मिरवणुकीत मी हे बघत आलेय, आणि लॅपटॉपसमोर एकदाही डोक्यात आलं नव्हतं! फटींतून मधली रांग पुढे सोडली. ती शत्रूला भिडली, मग पोरांना काढलं. काय सुरेख निघाली!

"आता डावीकडे! नवा आत! जुना बाहेर!" बाबा दोन्ही हातांनी टेबल बडवत ओरडत होते. आई लाटणं हातात घेऊन बाहेर आली, "दोघांनाही वेड लागलंय," म्हणाली आणि तिथेच उभी राहून बघायला लागली.

तेवढ्यात घात झाला. शत्रूचे घोडेस्वार वळसा घालून थेट आमच्या पाठीवर आले. पुढचे सगळे लढण्यात गुंतलेले.

"मागे कोण आहे आपलं?"

"तुमचे म्हातारे."

बाबांचा आवाज एकदम खाली आला. "उठव त्यांना."

त्रिआरी उठले, मागे वळले, लांब भाले पुढे केले. घोडे त्यांच्यावर आदळले आणि तिथेच अडकले. रांग वाकली, पातळ झाली, पण हटली नाही. आणि इकडे पुढे कार्थेजवाले पळायला लागले! जिंकलो! मी खुर्चीतून उडीच मारली, किंचाळले, आईला मिठी मारली. बाबा मात्र पडद्यावर उरलेल्या त्या दहा-बारा म्हाताऱ्यांकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"हे नसते तर गेलो होतो आपण," ते म्हणाले.

संध्याकाळी पाचला त्यांनी कपाटावरचा ढोल खाली काढला, दोऱ्या आवळल्या. मी मागोमाग मैदानात गेले. पथकप्रमुख मुलगी बाबांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांना बघून ती बिचारी चाचरली. "काका, तुम्हाला पुढे यायचं असेल तर या ना, मी करते ॲडजस्ट."

"नको, मागेच बरा आहे मी," बाबा कमरेला ढोल बांधत म्हणाले. "फक्त गुडघ्यावर बसायला सांगू नकोस. मला पटकन उठता येत नाही."

तिला काहीच कळलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मला हसू आवरेना, रडूही.