मेंढ्यांपाशी कोण झोपतं?

लोक मे महिन्यात फुलं बघायला जातात. माझा नवरा शिरीष लांडग्यांसाठी निघाला, तेही अशा ठिकाणी जिथे कित्येक पिढ्यांत कुणी लांडगा पाहिलेला नाही. स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या एका खेड्यात, लांडगे परत आणून सोडावेत की नाही यावर शनिवारी जाहीर सभा होती. ती ऐकायला आम्ही दोघं रजा टाकून लंडनच्या टोकाच्या स्टॅनमोरहून निघालो. दोन दुर्बिणी, तीन कॅमेरे आणि चकल्यांचा डबा त्याने आठवणीने घेतला. माझा रेनकोट दारामागे लटकत राहिला, ते ग्लासगो मागे पडून पाऊस लागल्यावर कळलं.

शिरीष पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. लांडग्यांबद्दल त्याला सगळं माहीत असतं, कारण सगळं त्याने स्क्रीनवर पाहिलेलं असतं. मी करमाळ्याकडची. पुढे डोळ्यांची डॉक्टर होऊन इथल्या हॉस्पिटलात आले, पण लहानपण माळावर गेलं. आमच्याकडे लांडगा बघायला कुणी जात नसे, तोच येऊन जायचा. सकाळी विहिरीवर बायका सांगायच्या, काल अमक्याचं कोकरू नेलं, आणि पुन्हा घागरी भरायला लागायच्या. त्यामुळे लांडग्यावर सभा भरते हेच मला मुळात पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता एका गाडीपुरता झाला. समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये (रस्त्याला शिवलेला छोटासा खिसा म्हणा) घुसून थांबायचं आणि एकमेकांना हात करायचा. एका बाजूला लॉख (लांबट, काळ्या पाण्याचं तळं), दुसऱ्या बाजूला डोंगर. डोंगर प्रचंड, आणि नुसते गवताचे. मैलोन् मैल झाड नाही. हे सुंदर आहे की भकास, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

एका वळणावर मेंढ्या आल्या. वीसेक असतील, पाठीवर निळा ठिपका, बरोबर कोकरं, भर रस्त्यात निवांत बसलेल्या. शिरीषने हॉर्न वाजवला तरी ढिम्म. मी उतरले आणि मेंढपाळ शोधू लागले. माणूस नाही, काठी नाही, कुत्रं नाही, कुठे धूर नाही. नजर पोचेल तिथवर एकही माणूस नव्हता. 

"शिरीष, यांच्या माणसाला काहीतरी झालंय," मी म्हटलं. "मेंढ्या अशा एकट्या नसतात."

आम्ही हाका मारल्या, तळ्याच्या काठाने बघून आलो, कुणी नाही. शेजारीच माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं उंच जाळीचं कुंपण होतं आणि त्याला फाटक होतं. एवढं भक्कम कुंपण मेंढ्यांसाठीच असणार, यात मला तिळमात्र शंका आली नाही. मग काय, मी ओढणी फडकावत पुढे, तोंडाने लहानपणी ऐकलेलं हुर्र हुर्र, आणि शिरीष छत्री उघडून मागे. एका बाजूला पाणी, एका बाजूला जाळी, त्यामुळे मेंढ्यांना दुसरी वाटच नव्हती. सगळ्या आत गेल्या, मी फाटक लावलं, कडी घातली. देवाने सुबुद्धी दिली म्हणून आपण वेळेवर आलो, असं मी मोठ्याने म्हणालेही. परतताना शिरीष दलदलीत मांडीपर्यंत रुतला, नव्या पँटसकट. हे कुणालाही सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली, आणि म्हणून मेंढ्यांचंही आम्ही कुणाला सांगितलं नाही.

आमच्या बी अँड बीची (घरातलीच खोली भाड्याने, सकाळची न्याहारी धरून) मालकीण मोरॅग. साठीची, लालबुंद गालांची, हातात कायम किटली. तिने गरमागरम लीक (कांद्याच्या जातीची जाड पात) आणि बटाट्याचं सूप आणि ओटकेक (ओटच्या पिठाचं, भाकरीच्या चतकोरासारखं, पण कडक) पुढे ठेवलं. तिचा नवरा इवेन शेकोटीशी बसून बूट पुसत होता. काय काम करता, असं शिरीषने विचारलं.

"हरणं मारतो," तो म्हणाला.

मला वाटलं, चोरटी शिकार. तसं नव्हतं. तो इस्टेटीचा, म्हणजे इथल्या डोंगरांच्या खासगी जमीनदारीचा, स्टॉकर होता (पगारी शिकारी). पाहुण्यांना बंदूक चालवायला नेतो ते वेगळं, पण हिवाळाभर तो स्वतःच माद्या मारतो, कारण हरणं इतकी झालीत की एकही रोपटं मोठं होऊ देत नाहीत. आपल्या सांबराएवढी ही जनावरं. हिवाळ्याच्या अखेरीचं सांगताना त्याने बूट खाली ठेवला आणि म्हणाला, "गाभण असतात. तेच सर्वांत वाईट."

मी हरणांच्या अभयारण्याशेजारी वाढलेली बाई. एक काळवीट मेलं तर आमच्याकडे पोलीस येतात. इथे एक शांत, भला माणूस शेकोटीशी बसून हे सांगत होता आणि त्याची बायको आम्हाला ब्रेड वाढत होती. मी चमचा खाली ठेवला. शिरीषने मात्र विचारलंच, "मग लांडगे आले तर तुमचं काम हलकं होईल?"

इवेन हसला. "लांडगा गेला, त्याची नोकरी मला मिळाली. तो परत आला तर दोघांतल्या एकाला जावं लागेल."

शनिवारी दिवसभर पाऊस आणि मिजेस (डोळ्यांत, कानांत जाणारी चिलटं) यांनी मिळून आम्हाला खाल्लं. संध्याकाळी गावाच्या हॉलमध्ये गेलो. चहाची टाकी, शॉर्टब्रेडची (लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटांची) ताटं आणि खुर्च्या. कुणी सांगितलं नसताना लोक दोन बाजूंना वाटून बसले. डावीकडे मेंढीवाले, उजवीकडे लांडगेवाले. इवेन आणि दुसरे स्टॉकर मागे चहापाशी उभे, कुणाचेच नाहीत. आम्ही मोरॅगशेजारी बसलो, म्हणजे आपोआप डावीकडे. शिरीषचा जीव उजवीकडे होता, पण बायकोशेजारची खुर्ची सोडायची त्याची हिंमत नव्हती.

लाल कोटातली एक बाई म्हणाली, डोंगर बोडका झालाय, बंदुकीने भागत नाही, लांडगा हवा. तिला डावीकडून एका शेतकरणीने उत्तर दिलं, "तुम्हाला डोंगर सुट्टीत लागतो, आम्हाला बारा महिने." आवाज चढत गेले. दोघींचंही मला पटत होतं, आणि आपल्याकडे हे सगळं किती सहज चालतं, या तोऱ्यात मी शॉर्टब्रेड खात होते. वाटत होतं, उठून यांना सांगावं, अहो, आमच्याकडे लांडगा आणि माणूस एकाच माळावर राहतात, एवढं काय त्यात.

मग इस्टेटीची मॅनेजर उठली. तरुण मुलगी होती, लॅपटॉप घेऊन. लांडग्यांबद्दल बोलण्याआधी आजच्या सकाळचं बोलते, म्हणाली, आणि भिंतीवर फोटो लावला. जाळीच्या आत निळ्या ठिपक्यांच्या मेंढ्या. दुसरा फोटो शेंडे खुडलेल्या रोपांचा.

"हे कुंपण हरणं आणि मेंढ्या बाहेर ठेवायला आहे," ती म्हणाली. "आत बर्चची आणि रोवनची रोपं आहेत. रात्रभर मेंढ्या आत होत्या. आणि फाटक आपोआप उघडत नाही."

सगळे पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याकडे बघू लागले. लांब हाडांचा, टोपी गुडघ्यावर ठेवलेला. मोरॅगचा मोठा भाऊ, अँगस. येताना तिने आमची ओळख करून दिली होती, तेव्हा त्याने माझा हात अगदी हळू दाबला होता.

"मी उघडलं नाही," तो म्हणाला.

"मेंढ्या तुमच्या आहेत. मागच्या वर्षीच सांगितलं होतं, पुन्हा आत दिसल्या तर चराईचा करार संपला."

मोरॅगने हातातला कप खाली ठेवला. करार गेला तर काय होईल, असं मी तिला कसंबसं विचारलं. ती म्हणाली, त्याच्या मेंढ्या हेफ्टेड आहेत (आईकडून लेकीला डोंगराची ठरलेली जागा शिकवत आलेला कळप, कुंपण नसतानाही जागा सोडत नाही). दुसऱ्या डोंगरावर त्या टिकणार नाहीत. हा डोंगर गेला की विकायच्या, तेही कत्तलीला. "बायको गेल्यापासून त्याच्याकडे दुसरं काही नाही," ती म्हणाली.

  कुंपणाच्या आत झाडं आणि बाहेर मेंढ्या, असं जगात कुठे असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शिरीष मराठीत पुटपुटला, "गप्प बस. उद्या सकाळी निघतोय आपण." त्याच्याकडे मी असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं. मी उभी राहिले.

"मेंढ्या आम्ही घातल्या आत," मी म्हटलं. "मी आणि माझ्या नवऱ्याने. आम्हाला वाटलं, त्या हरवल्यात. आमच्याकडे मेंढ्या कुंपणात असतात आणि जनावर बाहेर."

मागे कुणीतरी फसकन हसलं. मग अख्खा हॉल हसला, उजवी-डावी दोन्हीकडे. मॅनेजर तोंडावर हात ठेवून उभी राहिली. अँगस हसला नाही. तो खुर्चीतच माझ्याकडे वळला.

"हरवल्यात असं का वाटलं?"

"बरोबर कुणी नव्हतं म्हणून."

"तुमच्याकडे कायम कुणी असतं?"

"कायम."

"का?"

एवढा वेळ ज्या विषयावर भांडण चाललं होतं त्याचं नावसुद्धा मला पटकन घेता येईना. "लांडगे आहेत म्हणून," मी म्हटलं.

 अँगसने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

"आणि रात्री? मेंढ्यांपाशी कोण झोपतं?"

"धनगर. बायकामुलांसकट. संसार घोड्यावर घालून मेंढ्यांबरोबर फिरतात. रात्री जाळी लावतात, कुत्री सोडतात आणि घोंगडी अंगावर घेऊन तिथेच पडतात."

"रोज?"

"रोज."

"पावसातही?"

"पावसातही," मी म्हटलं, आणि बसले.

लाल कोटवाली उठून म्हणाली, ऐकलंत, जमतं लोकांना. शेतकरीण म्हणाली, ऐकलंत, रोज रात्री. माझ्या एकाच वाक्यावर दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. मला मात्र तोंड लपवायला जागा हवी होती. लांडगा आमच्याकडे टिकला म्हणून एवढा तोरा मिरवला, पण तो टिकला दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेवर. आमच्या घराला दार होतं, दाराला कडी होती. मी एक रात्रही त्या माळावर काढलेली नाही.

मॅनेजर मुलगी भली निघाली. सगळ्यांसमोर म्हणाली की अँगसचा दोष नाही, करार आहे तसा राहील, आणि रोपं पुन्हा लावायच्या वेळी या दोघांनी फावडी घेऊन यावं. लांडग्यांचं काही ठरलं नाही. अशा सभांत काही ठरत नाही, असं इवेन परतताना म्हणाला. घरी आल्यावर मोरॅगने मला न विचारता चहात दोन चमचे साखर घातली.

रविवारी सकाळी आम्ही सामान भरत होतो तेव्हा अँगस आला. मला वाटलं, आता चार शब्द ऐकून घ्यायचे. त्याने बोटाने डोंगराचा एक खांदा दाखवला. काल सकाळी कुंपणातून काढल्याबरोबर मेंढ्या कुणी न हाकता तिथे जाऊन बसल्या होत्या. दुर्बिणीतून निळे ठिपके दिसत होते.

"त्यांना घर माहीत आहे," तो म्हणाला. "लांडगा आला तर त्यालाही कळेल, त्या कुठे असतात ते."

मग त्याने बारीकसारीक विचारलं. घोंगडी कसली असते, कुत्री किती मोठी, माणसाच्या सांध्यांचं काय होतं. मुलं धंद्यात येतात का, असंही विचारलं. मी खरं सांगितलं, की आता फारशी येत नाहीत. त्याची मुलगी ग्लासगोला असते, मुलगा कॅनडात. मग त्याने शिरीषच्या पँटकडे बघून विचारलं, "आमच्या दलदलीत पडलात वाटतं?" शिरीषने मला घातलेली शपथ अशी फुकट गेली.

परतीच्या वाटेवर मेंढ्या पुन्हा रस्त्यात बसलेल्या होत्या. त्या उठेपर्यंत आम्ही निमूट थांबलो. कुणीही खाली उतरलं नाही.

स्टॅनमोरला येऊन आठवडा झाला असेल. धुणं वाळत घालत होते, तेव्हा मोरॅगचा मेसेज आला. अँगस ताडपत्री, फ्लास्क आणि कुत्री घेऊन रात्री डोंगरावर मेंढ्यांपाशी झोपायला गेला होता. बहात्तर वर्षांचा माणूस, संधिवाताचे गुडघे, आणि पाऊस पहाटेपर्यंत थांबला नव्हता. इवेन त्याला सकाळी हाताला धरून खाली घेऊन आला.  खाली आल्यावर तो मोरॅगला म्हणाला, त्या डॉक्टर बाईला कळव, एक रात्र झाली.

मी ओल्या हातांनीच आत गेले. शिरीषला वाचून दाखवलं. मग मी मोरॅगला लिहिलं की त्याला गुडघे शेकायला सांग, औषध चुकवू देऊ नकोस. आमच्याकडची माणसं दुसऱ्या रात्री पुन्हा तिथेच झोपतात, हे मी लिहिलं नाही. त्याला ते माहीत होतं.