चान्सलरच्या गळ्यात ट्युलिपचा हार

रिकामे म्हातारे एका बाकावर बसले की किस्से साठतातच. भंगारासारखे. कुणी विकत घेत नाही अन् आपल्याला टाकवत नाहीत!

मी एसटीचा ड्रायव्हर, शाळा चौथीपर्यंत. सोबतीला पाटील आणि देशपांडे मास्तर. तिघांची पोरं गेर्लिंगेनला इंजिनियर, म्हणून आम्ही जर्मनीत. आमचा बाक बागेत, जुन्या चान्सलरच्या, म्हणजे इथल्या पंतप्रधानाच्या, पुतळ्यासमोर. झुबकेदार मिशा, डोक्यावर टोकदार टोप. मी बरेच दिवस त्याला फौजदारच समजत होतो.

मास्तर म्हणाले, "अहो, यानं जर्मनीचे सगळे तुकडे जोडून एक देश केला!"

पाटील म्हणाले, "असेल. माझं अन् भावाचं बांधावरचं भांडण मिटवून दाखव म्हणावं!"

*

म्हाताऱ्या कामगारांना पेन्शन द्यायचा कायदा यानंच आणला, हे मास्तरांकडून कळलं तेव्हा मी उठून पुतळ्याला वाकून नमस्कार केला. कुत्रं फिरवणारी एक जर्मन म्हातारी धावतच आली. तिला वाटलं, माझी कंबर धरली! "आल्झो, आल्झो," असं काहीतरी जर्मनमध्ये करत मला बाकावर बसवलं आणि स्वतःची पाण्याची बाटली दिली.

प्यालो. काय करता!

*

"पुढं काय झालं याचं?" मी विचारलं.

"नवा राजा आला, तरणा. त्यानं याला घरी बसवलं."

माझंही तेच. आयुष्यभर मी घाटात गाडी चालवली, इथं पोरगा म्हणतो, "बाबा, किल्ली ठेवा. तुमचं लायसन्स इथं चालत नाही."

पाटील पुतळ्याकडे बघत म्हणाले, "सरका हो जरा. साहेबांना बसायला जागा द्या!"

*

मग माझ्या नातीचं, ईराचं प्रकरण निघालं. शाळेत याच चान्सलरवर रेफेराट, म्हणजे वर्गापुढं भाषण. तेही त्याच्या जयंतीला, पुतळ्यासमोर! पोरगी हुशार, पण चारचौघांत उभी राहिली की दातखीळ. मागच्या वेळी रडत घरी आली होती.

घरात मी मराठीत बोलायचं आणि तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा कारभार. तालीम बाकापुढं झाली. मास्तरांना थोडं जर्मन कळतं, मला अन् पाटलांना शब्द कळेना, तरी दर वाक्याला "वा!" शेवटी ती चिडून काहीतरी बोलली.

पाटील त्यालाही "वा!" म्हणाले.

*

जयंतीला पुतळा बोडका? आपल्याकडं चालेल का! झेंडू मिळेना, म्हणून सुपरमार्केटातले ट्युलिप ओवले. पाटील चौथऱ्यावर चढले, हार घातला आणि मग खाली बघितलं. चान्सलरच्या कमरेला मिठी मारून उभे! तेवढ्यात बाई अख्खा वर्ग घेऊन हजर.

पोरं खो-खो हसायला लागली. बाईंनी ईराला काहीतरी विचारलं. ईरा लालबुंद. मी मनात म्हटलं, घालवलं आपण पोरीचं भाषण!

तिनं एकदा हाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पुढं झाली आणि जर्मनमध्ये अशी खणखणीत सुरू झाली की पोरांचं हसू जागीच थांबलं. आमच्याकडं जयंतीला हार घालतात, इथूनच सुरुवात केली म्हणे. मास्तर कानात सांगत होते. मग तुकडे, पेन्शन, तरणा राजा. मध्ये बोलायची हिंमत कुणाची? पाटील वरच.

टाळ्या पडल्या. ईरा वळली, कमरेवर हात ठेवले, वर बघितलं आणि चक्क मराठीत ओरडली, "पाटीलआजोबा, झालं माझं! आता उतरा!"