विहीणबाई आणि कळसूबाई

माझ्या बहिणीच्या सासूबाईंना सपाट जमीन मुळी मान्यच नव्हती. देवानं आधी डोंगर घडवले आणि उरलेली माती कुठं टाकायची म्हणून ती इकडंतिकडं पसरून दिली, तिलाच लोक नगर, नेवासं, श्रीगोंदं म्हणतात, अशी त्यांची एकूण समजूत होती. त्यांचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरला. दारात उभं राहिलं की जिकडं बघावं तिकडं डोंगर. लग्न होऊन त्या नगरला खेटून असलेल्या भिंगारला आल्या, तर घरासमोर लष्कराचं कवायतीचं मैदान, पाटासारखं सपाट. सासऱ्यांनी ते नव्या सुनेला कौतुकानं दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मोकळं हाय, पण हितं बघायचं काय?" सासऱ्यांना उत्तर सुचलं नाही. पुढं त्या घरात कुणालाच त्यांच्यापुढं उत्तर सुचेनासं झालं.

आमची सोयरीक झाली तीही चढावरच. बहिणीला बघायला त्या आमच्या नगरच्या घरी आल्या तेव्हा आईनं पोह्यांची तयारी केली होती, भरतकामाचे रुमाल मांडून ठेवले होते. विहीणबाईंनी पोहे खाल्ले, रुमालांकडं पाहिलंसुद्धा नाही आणि मुलीला एकच प्रश्न विचारला, चढ चढता येतो का? बहीण गोंधळून हो म्हणाली. मग सगळ्यांनी टांगे करून चांदबिबीच्या महालापर्यंत जायचं ठरलं, म्हणजे त्यांनी ठरवलं. टेकडीच्या पायथ्याला टांगे सोडले आणि सगळे चालू लागले. बहीण नवऱ्या मुलाच्या आधी वर पोचली आणि विहीणबाईंनी तिथंच होकार दिला. माझे वडील शाळामास्तर, त्यांना डस्टरपेक्षा जड काही उचलायची सवय नव्हती. ते धापा टाकत वर आले तेव्हा साखर वाटून झाली होती. लग्नात वरमाईचा मान काय हवा असं भीतभीत विचारलं, तर त्यांनी शालू नको, कॅनव्हासचे बूट द्या म्हणून सांगितलं. मांडवात पायघड्या घातल्या होत्या, त्यांवरून त्या नऊवारीखाली ते पांढरे बूट घालून अशा चालत आल्या, की बँडवाल्यांची चाल आपोआप झपाट्याची झाली.

वर्षातून चार वेळा त्या भिंगारच्या बायकांना डोंगरावर नेत. पावसाळ्यात भंडारदऱ्याकडं, नवरात्रानंतर सोनकीची पिवळी फुलं बघायला रतनगडाच्या बाजूला, थंडीत हरिश्चंद्रगडावर, आणि उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत जाऊन येण्यासारखं नगरजवळचं आपलं डोंगरगण. कँटोन्मेंटमधल्या कारकुनांच्या बायका, बाजारातल्या कासाराची सून, मिशनच्या शाळेतल्या एक बाई, असा त्यांचा जथा असे. बरोबर भांड्यांची पिशवी, भाकरी, ठेचा, कांदे आणि गळ्यात शिट्टी. आमचे व्याही लष्कराच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते, स्वभावानं गरीब. ते सगळ्या सहलींना येत, पण पायथ्याशी स्टोव्ह मांडून बसत आणि बायका उतरल्या की चहा देत. आपण या डोंगरांचे पाय पाहिलेत, डोकी पाहायची ती आमची मंडळी पाहते, असं ते समाधानानं सांगत.

विहीणबाईंचे नियम कडक होते. अजून किती राहिलं, असं विचारायचं नाही. विचारलंच, तर भांड्यांची पिशवी विचारणारीच्या खांद्यावर येई. मागं कुणी एकटीनं फिरायचं नाही, आणि आजवर एकीलाही त्यांनी अर्ध्यातून परत नेलं नव्हतं, याचा त्यांना फार अभिमान. घरचं गाऱ्हाणं मात्र पहिल्या चढापर्यंत मोकळेपणी काढायची परवानगी होती, कारण पुढं दम पुरत नाही. माझी बहीण एकदा मागं राहून मैत्रिणीला सासूबद्दल काहीबाही सांगत होती. सासूबाई पुढून चालता चालता वळल्या आणि म्हणाल्या, "जरा मोठ्यानं सांग, मागच्यांना ऐकू जात न्हाई." बहीण आठवडाभर लाजली, सासूबाई मात्र त्यानंतर सकाळचा चहा स्वतः करू लागल्या.

एवढ्या फिरलेल्या बाई, पण शिखरांची नावं त्यांची कधी बरोबर नसत. समोर दिसेल त्या सुळक्याला त्या बेधडक जे तोंडाला येईल ते नाव देत आणि पुढच्या वेळी त्याच सुळक्याला दुसरं. मिशनच्या बाईंनी हे एकदा नम्रपणे लक्षात आणून दिलं, तर म्हणाल्या, त्याला कुठं हाक मारायची आहे. दुष्काळाच्या साली नगरमध्ये प्यायच्या पाण्याचे हाल झाले, रस्त्यांवर धुरळा आणि घरोघरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. आता तरी सहली थांबतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी उलट जथा भंडारदऱ्याला नेला आणि धरणात जे काही पाणी उरलं होतं त्याच्यासमोर सगळ्यांना बसवलं. फिरणं नाही, चढणं नाही, दिवसभर नुसतं पाणी बघायचं. बहीण सांगत होती, संध्याकाळी उठताना कासाराच्या सुनेनं पाण्याला हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले.

त्याच वर्षी माझ्या आईला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण आई उतरली ती उतरलीच. डॉक्टर म्हणत, आता काही दुखणं नाही, चालायला लागा. आई खाटेवरून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून खाटेवर, एवढीच चाले. उंबरा ओलांडायचा म्हटलं की तिचे पाय कापत. आता आपलं एवढंच राहिलं, असं ती अगदी शांतपणे म्हणायची आणि तो शांतपणाच आम्हांला घाबरवायचा. वडील तिला इतकं जपत की तिच्या हातातला तांब्यासुद्धा काढून घेत.

एका सकाळी विहीणबाई भिंगारहून चालत आमच्याकडं आल्या. वडिलांना म्हणाल्या, "इवाई, तुमी यांना जपून जपून मोडीत काढलंय." आणि आईचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर काढलं. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत. मग भुईकोट किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं थोडं, मग सबंध फेरी. रोज त्या चालत येत, आईला चालवत आणि चालत परत जात. थंडी सरता सरता आई डोंगरगणला जाऊन आली. उन्हाळ्यात चांदबिबीच्या महालाशी बसून तिनं कैरीची डाळ खाल्ली. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि नवरात्रानंतर विहीणबाईंनी जाहीर केलं, की या खेपेला कळसूबाई.

वडील हादरले. महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच डोंगर, आणि कड्याला साखळ्या धरून चढायचं. त्यांनी साफ नकार दिला. मग विहीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की डोली ठरवली आहे, डोलीवाले ओळखीचे आहेत. एवढ्यावर वडील तयार झाले; फक्त आपण स्वतः बरोबर येणार म्हणाले. सामान वाहायला मी होतोच.

राजूरला विहीणबाईंच्या भावाकडं मुक्काम करून सकाळी आम्ही पायथ्याच्या बारी गावात उतरलो. व्याह्यांनी स्टोव्ह मांडला. वडिलांनी डोलीची चौकशी केली. डोली खालच्या देवळापाशी आहे, विहीणबाई म्हणाल्या. देवळापाशी पोचलो, तर डोलीवाले पुढं पाण्याला गेले होते. पाण्यापाशी कळलं, की ते पहिल्या साखळीजवळ सावलीला थांबलेत. दोन्ही बाजूंना सोनकीची फुलं अशी दाटलेली, की डोंगराच्या अंगावर हळद सांडल्यासारखी वाटत होती. वाटेत विहीणबाई कळसूची गोष्ट सांगत होत्या. कळसू म्हणून पोर होती, ती एका घरी कामाला राहिली, सगळं करीन पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही म्हणाली. तरी तिला भांडी घासायला लावली, तेव्हा ती उठली आणि सरळ डोंगर चढून गेली. सगळ्यांत उंच जाऊन बसली आणि देवी झाली. बायकांनी ही गोष्ट दर वेळी ऐकलेली होती, तरी भांड्यांपाशी आल्यावर त्या सगळ्या दर वेळेसारख्या हसल्या. आईही हसली. ताप आल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पहिल्या साखळीजवळ वडीलच बसले. छाती भात्यासारखी चालली होती. मी मागं फिरतो म्हणालो, तर म्हणाले, तू आईबरोबर जा, आणि डोलीवाला भेटला तर आधी माझ्याकडं पाठव. आम्ही पुढं निघालो. आई सावकाश चढत होती. साखळी दोन्ही हातांनी धरायची, पाय रोवायचा, थांबायची, पुन्हा धरायची. विहीणबाई तिच्या एक पाऊल मागं, हात नुसता पाठीजवळ धरून, न टेकवता.

शेवटच्या कड्याखाली मात्र आई खाली बसली. तोंड पांढरं पडलं होतं. वर माथा दिसत होता, देवळाचा भगवा दिसत होता. मला वाटलं, आता विहीणबाई शिट्टी फुंकतील, काहीतरी खडसावतील. त्या आईशेजारी दगडावर बसल्या, तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला आणि म्हणाल्या, "ईनबाई, उतरू या. मी आजवर कुनाला अर्ध्यातनं नेलं न्हाई. तुमाला नेते. त्यात काय कमीपना न्हाई."

बहीण सासूकडं बघतच राहिली. आईनं थोडा दम घेतला आणि विचारलं, "विहीणबाई, डोली नाहीच ना?"

"न्हाई," विहीणबाई म्हणाल्या.

"मला बारीपासून माहीत होतं."

विहीणबाईंना उत्तर सुचलं नाही, असं मी तेवढं एकदाच पाहिलं. शेवटी त्यांनी विचारलं, मग चढलात कशापायी. आई म्हणाली, "तुम्ही कुठपर्यंत खोटं बोलता ते बघत आले." आणि उठली. कुणाचा हात न धरता उठली, साखळीला हात घातला आणि वर चढू लागली. मी खाली उभा राहून तिच्या पावलांकडं बघत होतो. उंबऱ्यावर कापणारी ती पावलं खडकाच्या खाचा शोधत होती, सापडल्या की त्यांत ठाम बसत होती. माथ्यावर तिनं पाय ठेवला तेव्हा वरून कुणीतरी ओरडलं असेल, पण मला आठवते ती विहीणबाईंची शिट्टी. त्या ती इतका वेळ फुंकत राहिल्या, की खाली बारीत स्टोव्हजवळ बसलेल्या व्याह्यांनी ऐकली असं ते पुढं शपथेवर सांगत.

देवीची ओटी भरून झाल्यावर आई कड्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. खाली धरणाचं पाणी, पलीकडं डोंगरांच्या रांगाच रांगा. आपलं नगर कुठं, तिनं विचारलं. विहीणबाईंनी बेधडक नाशिकच्या दिशेला बोट केलं. आई बराच वेळ तिकडं बघत होती.

"इथून घर दिसत नाही," ती म्हणाली. "बरं आहे." आणि पदर खोचून भाकरी सोडायला बसली.

उतरताना वडील पहिल्या साखळीजवळ भेटले. त्यांनी आईला पाहिलं, मग तिच्या मागं डोली शोधली, मग पुन्हा आईला पाहिलं. उतारावर तिनं त्यांचा हात धरला होता, की त्यांनी तिचा, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. पण बारीत व्याह्यांनी चहाचा पहिला कप नेहमीप्रमाणे विहीणबाईंपुढं केला, तेव्हा त्यांनी तो आईच्या हातात दिला, हे सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर आईनं एकही सहल चुकवली नाही. काही वर्षांनी विहीणबाईंचे गुडघे गेले. भिंगारच्या ओट्यावर बसून त्या जथ्याला निरोप देत आणि पुढं आई चाले. परत आली की आई आधी आमच्या घरी न येता त्यांच्याकडं जाई. डोंगरातल्या गवताची कुसळं तिच्या लुगड्याच्या काठाला भरलेली असत. विहीणबाई तो काठ मांडीवर घेऊन एक एक कुसळ काढत बसायच्या, हे कुठलं, हे कुठलं, असं विचारत. आई सांगायची, हे पायथ्याचं, हे खिंडीतलं, हे अगदी माथ्यावरचं. काढलेली कुसळं त्या ओट्याखाली टाकत. पुढच्या पावसाळ्यात तिथं गुडघ्याएवढं रानगवत माजलं. सुनेनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, खुरपं आणलं तेव्हा त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि आपल्या खाटेखाली ठेवून दिलं.