शिजत्या हळदीचा वास

परवा हट्टा गावाजवळ बसच्या खिडकीतून शिजत्या हळदीचा वास आला आणि मी पन्नास वर्षांमागच्या आमच्या शेतात पोचलो. घरातला पहिला बी.ए. होऊन मी गावी परतलो होतो, पण नोकरी नव्हती. ‘आता मास्तर होणार, का साहेब?’ जो तो विचारी.

त्या दिवशी हळदीची कढई चढताच मायनं मला बाजेवर बसवलं. “बीए झालेलं लेकरू तू, जाळापाशी काहून येऊन राहिलास?”

मी बसलो. पण वाफेचा कच्चा वास सरून गोडसर वास सुटला, तसा मी धावलोच. काडीनं हळकुंड टोचलं, काडी आरपार गेली.

“दादा, शिजली. उतरवा.”

वडील थबकले. अंदाज चुकला तर अख्खी कढई वाया जाणार होती. त्यांनी हळकुंड मोडलं. आतपर्यंत सारखं पिवळं होतं.

“बराबर हाय. फुडच्या कढईला तूच थांब.”

मी शर्ट काढून बाजेवर फेकला. दिवस मावळेपर्यंत मी जाळापाशी होतो, आणि मी कोण होणार, हे मला कुणी विचारलं नाही. मलाही ते आठवलं नाही.