साठ अंशांचा कोन

लग्न करून रोह्याला आले तेव्हा मला सांगितलं होतं, सासरे निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, फार शांत. शांत कसले डोंबलाचे! सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा डोलवीच्या कंपनीत शिफ्टला, म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघंच. जेवणं झाली की मामंजी जमिनीवर कागद पसरायचे आणि मला हाक मारून समोर बसवायचे.

कंपास आणि पट्टी एवढंच वापरून साठ अंशांच्या कोनाचे तीन सारखे भाग करायचे, हा त्यांचा ध्यास. मोजायला बंदी, म्हणून पट्टीवरचे आकडे त्यांनी पॉलिशपेपरने घासून टाकलेले. मी गणितात बीएस्सी. कितीदा सांगितलं, "मामंजी, हे होतच नाही, तसं सिद्ध झालंय."

"त्यांना जमलं नाय म्हणून कोणालाच जमायचं नाय व्हय?" की पुन्हा नवा कागद.

अशात पेणच्या एका शाळेत मला गणित शिकवायची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. हरखून सांगायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, "जा की. एवढा कोन झाला की जा."

नवरा म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." झालं! जे जगात कोणालाच जमणार नाही, त्यावर माझं जाणं अडकलं. घरातल्या मोठ्यांचा शब्द मोडून उंबरा ओलांडायची तेव्हा माझी छाती नव्हती. नुसती आतल्या आत धुमसत होते.

रविवारी मात्र मी सरळ त्यांचा नियमच मोडला. त्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. कोनावर वर्तुळ काढलं, पट्टी सरकवत सरकवत खुणा जागेवर आणल्या आणि मिळालेला कोन आत उतरवून दोन रेघा मारल्या. पट्टीवर खुणा चालवून घेतल्या तर कोनाचे तीन भाग होतात, हे कॉलेजपासून ठाऊक होतं. कोनमापक त्यांच्यापुढे आपटला. "मोजा."

वीस, वीस, वीस. आता लबाडी म्हणून ओरडतील, या हिशोबाने मी भांडायला कंबर कसून उभी.

"बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "पण तू गेलीस तर दिवसभर मी कोणाशी बोलू गो?"

"तुमचा मुलगा आहे की!"

"तो घरी येतो तो झोपायला."

मी खाली बसले आणि पसरलेले कागद गोळा करू लागले.

सोमवारी पेणची गाडी गेली तेव्हा मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते. त्यांच्यावर चिडले होते, स्वतःवर त्याहून जास्त. त्या शाळेत पुढे दुसरीच बाई लागली.