दात बांधलेल्या बाईचा जबाब

या गो, या. जवळ सरका जरा. एक पाय उंबऱ्यावर नि एक डोळा मोबाईलवर ठेवून ऐकायचं असेल तर नका ऐकू. असंच अर्धं लक्ष देऊन मीही एकदा एका बाईचं ऐकलं होतं. शिपाई म्हणून भरती झाले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण त्या एका केसचा राग अजून उतरलेला नाही. निम्मा राग तर माझ्यावरचाच आहे. नावं कुणाची सांगणार नाही.

शहापूर तालुक्यातल्या आमच्या ठाण्यात दवाखान्याचा कागद आला. संशयास्पद जखमेचा रुग्ण दाखल झाला की दवाखाना पोलिसांना कळवतो, तोच कागद. पंचविशीतली बाई. गालाचं हाड फुटलेलं, डोळ्याखालची हाडाची कड खचलेली, जबडा तुटलेला. डॉक्टरांनी धातूच्या पट्ट्या आणि बारीक स्क्रू लावून हाडं बसवली होती, आणि जबडा हलू नये म्हणून वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून ठेवले होते. जबाब घ्यायला मला पाठवलं.

खाटेशी सासू बसलेली. मी विचारलं, "काय झालं गो?" सुनेच्या आधी सासूच बोलली, "ती कशी बोलणार बाई? दात शिवलेत तिचे. मी सांगते. दूध काढाय बसली, म्हशीनं लाथ हाणली तोंडावर."

मी लिहिता लिहिता नजर अर्धवट उचलून सुनेला म्हटलं, "असंच ना?" तिनं डोळे मिटले. मी त्याला होकार धरला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, म्हणून 'रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे' हा त्यांचा शेराही घेतला नाही. अंगठा घेतला, कागद घडी करून पिशवीत टाकला, एसटी पकडली. एवढी मोठी चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती.

चौथ्या दिवशी ठाण्यात फोन आला. त्या गावची आशाताई होती, घरोघरी औषधं देत फिरणारी. आवाज दबका. "बाई, तुमी म्हशीनं लाथ मारली लिवलाव ना? त्यांची म्हैस भाकड हाय. दोन महिने पिशवीचं दूध आणतात. माझं नाव घेऊ नका, मला त्याच गावात ऱ्हायचंय."

आमच्या माहेरी सात म्हशी होत्या. आटलेल्या म्हशीखाली दूध काढायला कोण बसतं हो? मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "बाई, जबाब झालाय ना? घरगुती मॅटर आहे. उगाच कशाला उकरता?" मी म्हटलं, "साहेब, चुकीचा जबाब मीच घेतलाय. मलाच उकरू द्या." दोन पंच घेऊन गोठ्यात गेले. म्हशीची कास सुकलेली. दूध काढायची चरवी खुंटीला होती, आणि तिच्यात गंजके खिळे भरून ठेवलेले. तसाच पंचनामा केला.

नवऱ्याला ठाण्यात बोलावलं, सोबत सासूही आली. आसनगाव स्टेशनपर्यंत बाईकनं, पुढे गाडीनं कल्याणला नोकरीला जाणारा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं.

"म्हशीनं कुठल्या पायानं मारलं रे?"

"उजव्या, मॅडम."

"दूध किती निघालं होतं तोवर?"

"असेल अर्धी चरवी."

"खिळ्यांवर काढलं का रे दूध?"

तो आईकडे बघायला लागला. मग म्हणाला, मोरीत घसरली असेल, तो घरी नव्हता. सासू उसळली, "रोज एसटीनं हिंडता बाई, तुमच्या घरची चूल कोण पेटवतो? लोकांच्या सुना नका शिकवू!" मी म्हटलं, "माझी चूल माझा नवरा पेटवतो, मावशी. नि अजून त्यानं माझं एक हाड मोडलेलं नाय." बाहेर बसलेला हवालदार हसला. मला हसू येत नव्हतं. खोटं पकडलं होतं, पण खरं सांगणारं कुणी नव्हतं, आणि सोमवारी तिला घरी सोडणार होते. त्याच घरी.

शनिवारी दवाखाना गाठला. डॉक्टरीण मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं हाडांचा फोटो उजेडावर धरला. "हे बघा, जबड्याचं हे हाड आधीही मोडलं होतं. कुणी दाखवलंच नाही, वाकडंच जुळलं. मला ते मुद्दाम पुन्हा तोडून सरळ करावं लागलं. आता परत याच बाजूला मार बसला तर डोळा वाचेल, असं मी लिहून देणार नाही."

मी म्हटलं, "ती बोलू शकली असती तर!"

डॉक्टरीण माझ्याकडे बघतच राहिली. "बोलू शकत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला? दात बांधलेत, जीभ मोकळी आहे. हळू बोलते, पण सगळं समजतं. माझ्याशी रोज बोलते ती. घरचा विषय काढला की मात्र सासूकडे बघते नि गप्प होते."

अंगावर कुणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं मला.

ड्रेसिंग करायचंय सांगून डॉक्टरणीनं सासूला बाहेर काढलं. दार लावलं. आधी शेरा लिहिला, वेळ टाकली, सही केली. मी खाटेवर बसले, तिच्या सुजलेल्या तोंडाकडे नीट बघितलं. बांधलेल्या दातांतून शब्द आले, घोगरे, थुंकीत भिजलेले.

"बाई, त्या दिशी तुमी माज्याकडं बगून इचारलाच नाय."

"चुकलं माझं. आता विचारते."

"धसईला, आईकडं जायचं म्हनलं. त्यानं हेलमेट हानलं. तीन वेळा. मागच्या टायमाला हातानं मारलेलं." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं, "लिवा. सगळं लिवा. मी पयल्यापासून सांगते."

दोन तास लागले. मध्येमध्ये ती दुखून थांबायची, मी फडक्यानं तोंड पुसायचे, की पुन्हा सुरू. साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी वाचला आणि गुन्हा नोंदवायला सांगितला. हेल्मेट माळ्यावर सापडलं, धुतलेलं, पण आतल्या अस्तरात रक्त राहिलं होतं. सोमवारी ती दवाखान्यातून सुटली ती आईबरोबर धसईला गेली. कोर्टात उभी राहून बोलली तेव्हा तारा निघालेल्या होत्या. त्याला शिक्षा झाली.

लोक म्हणतात, बाई, छान तपास केलात. कसला छान? म्हैस आटलीय हे दूध विकणाऱ्या दुकानदाराला ठाऊक होतं, शेजाऱ्याला ठाऊक होतं, माझ्या पंचनाम्यावर मुकाट सही करणाऱ्या दोघांनाही ठाऊक होतं. पहिल्यांदा जबडा मोडला तेव्हा ती कित्येक दिवस पेजेवर राहिली, तेही साऱ्या आळीनं बघितलं. सगळ्यांच्या जिभा मोकळ्या होत्या. बोलली ती एक आशाताई, आणि जिचे दात बांधले होते ती.

पुढे नोकरीत असेतो मी जखमी माणसाचा जबाब दुसऱ्याच्या तोंडून घेतला नाही. खोलीत घरचं कुणी असलं की आधी त्याला बाहेर काढायचे. शिव्या खाल्ल्या, अर्ज झाले माझ्याविरुद्ध. होऊ देत.

आता किन्हवलीत असते मी. स्टँडवर उतरून पोलीसबाईंचं घर विचारा, कुणीही आणून सोडेल. तुमच्या आळीत अशी कुणी असेल, तर तिला घेऊन या. तुम्हाला ओटीवर चहा देईन, तिला आत नेईन आणि दार लावून घेईन. सण होऊ दे, भाताची लावणी होऊ दे, असं करत बसू नका. याच आठवड्यात या.