सूर्यावर चालणारी इमारत

पेंटरला राग यायला कारण लागत नसे. कारण सापडलंच, तर त्याचा दिवस मजेत जाई.

सकाळी वर्तमानपत्र उघडलं की त्याचं भांडण सुरू व्हायचं. अणुवीज केंद्राची बातमी दिसली की म्हणायचा, "भट्टी आज बांधणार हे, आणि राख पुरायला जागा शोधायची नातवंडांनी! वा रे शहाणे!" विजेवरच्या स्कूटरचा त्याला राग होता, कारण तिला आवाज नाही. "मागून येते मेली चोरासारखी, माणूस दचकून गटारात पडायचा." संगणक आता चित्रं काढतो हे कळल्यावर तर त्याने चहाचा कपच आपटला होता. "हाताला सहा बोटं काढतो आणि म्हणे बुद्धी! माझ्या उस्तादाने कानफटात दिली असती." पवनचक्क्या मात्र त्याला आवडायच्या. कुणाकडे काही न मागता शेतात हात फिरवत उभ्या असतात, म्हणायचा. आणि सगळ्यात लाडका होता सूर्य. सूर्याबद्दल कुणी वावगं बोललं, तर जणू त्याच्या सोयऱ्याला नावं ठेवल्यासारखा तो उठून उभा राहायचा.

आयुष्यभर त्याने दुकानांचे बोर्ड रंगवले. केशकर्तनालयं, दवाखाने, पिठाच्या गिरण्या. फ्लेक्स छापायची यंत्रं आली आणि दोन-चार वर्षांत त्याच्या ब्रशाला कुणी विचारेना. इमारतीच्या मागे एक पत्र्याची खोली होती, तिथे त्याचे रंगाचे डबे, टर्पेंटाइनचे कॅन, रंगाने कडक झालेली फडकी असा सगळा संसार होता. रोज दुपारी तो तिथे जाऊन बसायचा. काम नसायचंच. पण डब्यांची झाकणं उघडून, काडीने ढवळून, परत बंद करायचा.

वर दुसऱ्या मजल्यावर बायको. तिची हयात सूतगिरणीत गेली आणि गिरणीतला कापूस तिच्या छातीत राहिला. आता खोलीच्या कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र घुर्र करत असे आणि त्याची पारदर्शक नळी तिच्या नाकापर्यंत पोचलेली असे. नळी लांब होती, स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत जायची, दारापर्यंत मात्र नाही. श्वास जपून वापरायची सवय लागल्यामुळे ती फार कमी बोले आणि बोले ते बरोबर जागी लागे. पेंटर दोघांच्या वाटणीचं बोलून घ्यायचा.

इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवायचे, हा हट्ट त्याचाच. प्रत्येक सभेत तो उभा राहायचा. चेअरमन म्हणायचे, "बघू." तळमजल्यावरचा टेलर म्हणायचा, "गच्ची गळेल." टेलर आणि पेंटर बरोबरीचे, एकमेकांना अरेतुरे करणारे. पेंटर त्याला म्हणाला, "तुझं डोकं गळतंय, तिथे आधी डांबर लाव." शेवटी सगळ्यांनी कंटाळून होकार दिला. पॅनल बसले. चेअरमनांना तर त्याचा इतका अभिमान वाटायला लागला, की जणू सूर्य त्यांनीच मंजूर करून आणला होता. ते म्हणाले, "फाटकावर एक फ्लेक्स लावू या."

"फ्लेक्स?" पेंटर म्हणाला. "माझ्या देखत?"

आणि त्याने स्वतः बोर्ड रंगवला. पांढऱ्या जमिनीवर निळी अक्षरं: *ही इमारत सूर्यावर चालते.* ओळही त्याचीच, मनातून आलेली. 'सूर्य'मधल्या रफाराला त्याने किरणासारखं टोक काढलं. जाणारेयेणारे थांबून बघायचे. कित्येक वर्षांनी त्याचं अक्षर रस्त्यावर लागलं होतं.

त्याच आठवड्यात त्याने घरातला जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट भंगारवाल्याला उचलून दिला.

बायको म्हणाली, "राहू द्या की."

"अगं, डोक्यावर अख्खा सूर्य आहे, आणि तू या खोक्याला धरून बसलीस?"

ती पुढे बोलली नाही. श्वास वाचवला असावा.

मग ती दुपार आली. ऊन असं की रस्त्यावर बघवत नव्हतं. पेंटर जेवून आडवा झाला होता, तेवढ्यात पंखा मंदावला आणि कोपऱ्यातली घुर्र थांबली. त्या जागी यंत्र टीं टीं ओरडायला लागलं.

पेंटरच्या मनात वीज गेली असेल हे आलंच नाही. जाईल कशी? त्याने प्लग काढून परत खोचला. दुसऱ्या भोकात खोचला. यंत्राला चापट मारली. गॅलरीत जाऊन आभाळ पाहिलं, सूर्य जागेवर होता. मग हा सत्तरीचा माणूस जिने चढत गच्चीवर धावला. पॅनल झगझगत होते, हात लावला तर चटका बसत होता. तो त्यांच्यावर ओरडला, "अरे, काय झालं तुम्हाला?"

खाली येईपर्यंत बायकोचे ओठ निळसर दिसायला लागले होते. पलंगाखाली अडीअडचणीचा सिलिंडर होता. तो त्याने ओढून काढला, पण त्याची चावी फिरेना. तो ती उलट्याच बाजूला पिळत होता. आरडाओरडा ऐकून टेलर वर आला होता. तो खाली बसला, पेंटरचा हात बाजूला केला आणि सुईत दोरा ओवणाऱ्या बोटांनी चावी फिरवली. फुस्स असा आवाज आला. टेलरने नळी जोडली.

बऱ्याच वेळाने बायकोच्या चेहऱ्यावर रंग आला. पहिलं वाक्य तिने टेलरला उद्देशून म्हटलं. "भावजी, चहा करते."

"वहिनी, गप पडा," टेलर म्हणाला.

वीज आली ती दुपार टळल्यावर. तोवर पेंटरने सोलार कंपनीला इतक्या वेळा फोन केला होता, की दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची इंजिनियर पोरगी स्कूटरवरून आली. विजेवरच्या. त्याने ते पाहिलं आणि आणखी भडकला.

फाटकाशीच त्याने तिला गाठलं. चेअरमन होते, टेलर होता, आणखी चार बिऱ्हाडं जमली होती.

"भर दुपारी बंद पडतात तुमचे पॅनल? उन्हालासुद्धा सुट्टी असते का?"

"काका, बंद पडले नाहीत. बंद केले जातात. आपोआप."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"लाइनची वीज गेली म्हणजे कुठे तरी बिघाड असतो. दुरुस्त करायला वायरमन खांबावर चढतो. आपल्या गच्चीवरची वीज त्या वेळी तारेत गेली, तर तो माणूस मरेल. म्हणून लाइन गेली की आपली यंत्रणाही थांबते. बॅटरी लावली तर घरापुरती वेगळी चालवता येते. तुमच्या सोसायटीने बॅटरी घेतली नाही."

पेंटरने रस्त्यावरच्या खांबाकडे पाहिलं. खांबावरच्या माणसावर कसं रागवायचं? आयुष्यभर तो स्वतः शिड्यांवर चढला होता. मग त्याला दुसरी वाट सापडली.

"हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं? माझी बायको निळी पडली होती काल!"

पोरीचा चेहरा उतरला. "काका, करारात लिहिलं होतं. पण मी तोंडानेही सांगायला हवं होतं, ते चुकलं. बॅटरी नाही म्हणजे वीज गेल्यावर काही चालणार नाही, हे लोकांना माहीत असेल असं मी धरून चालले."

"धरून चालले! आणि ही एवढी मोठी जाहिरात करता, इमारत सूर्यावर चालते म्हणून!"

तिने बोर्डाकडे पाहिलं. "ही ओळ आमची नाही काका. आम्ही असं कधीच लिहीत नाही. कुणाची आहे?"

टेलरने चपलेच्या अंगठ्याकडे बघायला सुरुवात केली. चेअरमनांना एकदम खोकला आला.

पेंटर वळला आणि मागच्या खोलीत गेला. सगळ्यांना वाटलं, गेला बिचारा तोंड लपवायला. पण तो पांढऱ्या रंगाचा डबा आणि चपटा ब्रश घेऊन आला, आणि सगळ्यांच्या देखत त्याने ती ओळ डावीकडून उजवीकडे पुसायला घेतली.

"अहो, अहो, काय करता?" चेअरमन ओरडले. "पाहुणे येतात, फोटो काढतात!"

"फोटो काढायला मी उभा राहतो इथे. खाली लिहा, हा मूर्ख सूर्यावर चालतो."

"ओळीत थोडं इकडेतिकडे असतंच हो!"

"दुकानदाराच्या ओळीत असतं. तो बोलेल ते मी रंगवलं, खोटं त्याचं होतं, माझं फक्त अक्षर. ही ओळ माझी होती." आणि रफाराच्या टोकावर त्याने ब्रश इतका दाबला की केस तुटून रंगात चिकटले.

त्याने त्याच दिवशी यंत्रापुरता नवा इन्व्हर्टर आणला. पण जेमतेम दोन तास खेचायचा. त्या उन्हाळ्यात वीज सकाळी जायची ती दुपार उलटल्यावर यायची. सिलिंडर बदलता बदलता पेंटर घामाघूम व्हायचा, आणि डोक्यावर, बरोबर त्याच्या छताच्या वर, सगळ्या इमारतीला पुरेल एवढं ऊन पॅनलवर पडून वाया जायचं. हे त्याला सहन होईना. लोकांना तो जिन्यात अडवून सांगायचा, "ताट वाढलेलं आहे आणि हात बांधलेत!"

सभा बोलावली गेली. सोलार कंपनीची पोरगी आली. मोठी बॅटरी बसवली तर वीज गेल्यावरही पॅनल चालतील. लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पेंटरकाकांचं यंत्र एवढं नक्की भागेल, असं तिने सांगितलं. पेंटर आधीच उभा होता.

मग टेलर उठला. "माझा विरोध आहे."

"का म्हणून?"

"आग लागते. मी मोबाइलवर पाहिलंय. अख्खी बस पेटलेली."

"मोबाइलवर माणसं वाघाशी लग्न करतात! ते पण खरं धरतोस? प्रगती नको, विज्ञान नको, तुला फक्त तुझी कात्री आणि तुझं गळकं—"

"वहिनींना प्राणवायू मिळावा असं मला वाटत नाही का?" टेलरचा आवाज चढला. "चावी कुणी फिरवली त्या दिवशी? पण मी तळमजल्यावर झोपतो. माझ्या खोल्या कापडाने भरलेल्या आहेत. ती पेटली तर आधी मी. मला तेवढं विचारायचा हक्क नाही?"

पोरगी म्हणाली, "हक्क आहे. ही बॅटरी त्या बसमधल्या बॅटरीपेक्षा वेगळ्या प्रकारची, खूप सुरक्षित. पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून ती घरात, जिन्याखाली ठेवायची नाही. बाहेर, हवेशीर, सावलीत, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर. मी आवार पाहिलं. एकच जागा आहे. मागची पत्र्याची खोली."

सगळ्यांच्या माना पेंटरकडे वळल्या.

"तिथे काय असतं?" तिने विचारलं.

टेलर हळूहळू हसायला लागला. "सांग रे. तिथे काय असतं? टर्पेंटाइनचे कॅन. थिनर. तेल प्यायलेली फडकी. त्याच्या बाजूला बसून हा विडी ओढतो! ज्या खोलीच्या भिंतीला माझी उशी लागते, तिथे याने पंधरा वर्षं बॉम्ब ठेवलाय, आणि मला म्हणतो आगीला भिऊ नको!"

सगळी सभा हसली. चेअरमनसुद्धा. पेंटर काळाठिक्कर पडला, खुर्ची मागे ढकलली आणि निघून गेला.

घरी येऊन त्याने टेलरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बायको पलंगावर बसून ऐकत होती. तो थांबला तेव्हा तिने विचारलं, "तो चुकीचं बोलला?"

"तो गाढव आहे."

"ते माहीत आहे. चुकीचं बोलला का?"



दुसऱ्या दिवशी त्याने खोली रिकामी करायला घेतली. त्याला हळू काही करता येतच नसे. कॅन बाहेर फेकले, फडकी फेकली, वाळून दगड झालेले डबे फेकले. लाल, पिवळे, निळे. फ्लेक्सवाल्यांना शिव्या, विडीला शिव्या, सोलार कंपनीला, टेलरला, स्वतःला. एकेका डब्यावर त्याच्याच हाताने रंगाचं नाव लिहिलेलं होतं, ते वाचायचा आणि मग फेकायचा. टेलर दारात येऊन उभा राहिला. हात लावला नाही त्याने.

"ब्रश ठेव," तो म्हणाला. "ब्रशांना माझी हरकत नाही."

"तुझी हरकत गेली खड्ड्यात."

"भिंतीला आग अडवणारा पत्रा मारून घेणार मी. माझ्या बाजूने. आणि धुराचा भोंगा पाहिजे. त्याशिवाय सही नाही."

"दोन भोंगे लाव! एक गळ्यात बांध!"

पण पोरगी आली तेव्हा पत्रा आणि भोंगा दोन्ही पेंटरनेच मागितले, आणि पत्रा नीट बसला की नाही हे स्वतः ठोकून पाहिलं. टेलरने सही केली. पेंटरशी तो अजून नीट बोलत नव्हता, पेंटरही त्याच्याशी नाही. ब्रश सगळे टेलरच्या दुकानात एका बरणीत उभे होते.

बॅटरी बसली, यंत्र इन्व्हर्टरवरून काढून तिला जोडलं, आणि काही दिवसांनी भर दुपारी पंखा मंदावला.

पेंटर पलंगावरून उडी मारून उठला. पंखा थांबला. शेजारचा रेडिओ थांबला. कोपऱ्यातली घुर्र चालूच होती. त्याने यंत्रावर पंजा ठेवला आणि तसाच उभा राहिला. थरथर हाताला लागत होती. बायको त्याच्याकडे बघत नाकातून शांतपणे श्वास घेत होती.

तो खिडकीत गेला. "टेलर! चालू आहे!"

"मग ओरडतोस कशाला?" खालून आवाज आला.

पेंटर मागे वळला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. "पंखा का नाही जोडला यांनी? यंत्र चालवता, मग एका पंख्याला काय धाड भरली होती? आत्ताच्या आत्ता फोन करतो त्या पोरीला. माणसाने श्वास घ्यायचा आणि उकडून मरायचं, असं आहे का यांचं विज्ञान? फोन कुठाय माझा?"

बायकोने पलंगावरचा पुठ्ठा उचलून त्याच्यापुढे धरला.

"आधी वारा घाला," ती म्हणाली.